लामशेठची पेज

मेंढरं कातरताना कितीही झाडलं तरी लोकर बाजेखाली साठते, कोपऱ्यात साठते, धोतराच्या निऱ्यांत साठते. गोष्टींचंही तसंच आहे. तीन म्हातारे रोज एकाच टेबलावर बसले की त्या आपोआप साठत जातात. कुणी गोळा करायला जात नाही. मग एक दिवस झाडायला घेतलं की कळतं, हे तर पोतंभर झालं.

आम्ही तिघं म्हणजे मी, धोंडिबा आणि बबन. तिघंही बोरी बुद्रुकचे. वाडवडिलांची मेंढरं होती, आता आमची शेती आहे. धोंडिबानं अजून थोडी मेंढरं ठेवली आहेत. बबननं जन्मभर टेम्पो चालवला. त्यामुळं तो हिंदी बोलतो आणि आपण जग बघितलंय असं आम्हाला अधूनमधून सांगतो.

आळेफाट्यावर एका टपरीत आमची बैठक असायची. रस्ता रुंद झाला, टपरी गेली. समोरच एक नवं हॉटेल उघडलं होतं. आत पंखा दिसला म्हणून आम्ही शिरलो. पाटीवर ‘कँटोनीज’ असं लिहिलं होतं. चीनच्या दक्षिणेकडं तसा मुलूख आहे आणि तिथलं जेवण इथं मिळतं, एवढं आम्हाला पुढं कळलं. मालकाचं नाव लाम. स्वयंपाकही तेच करायचे. फाट्यावर गल्ल्यावर बसतो तो शेठ, म्हणून ते लामशेठ झाले.

त्याच दिवसांत आमची मंडळी, हौसाबाई, मोठ्या तापातून उठली होती. उठली म्हणजे जुन्नरच्या दवाखान्यातून घरी आली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, “औषधाचं काम झालं. आता अन्न पोटात गेलं तर त्या हिंडू-फिरू लागतील. नाही गेलं तर अवघड आहे.” आणि ती खात नव्हती. दुधात भाकरी कुस्करून दिली, खिमट दिलं, फळं दिली. ती तोंड फिरवायची. मुलगा चाकणला कंपनीत. घरात आम्ही दोघंच. शेजारीण तिच्याजवळ बसायची तेवढ्या वेळात मी बबनच्या मोटारसायकलवर बसून फाट्यावर यायचो, काय मिळेल ते न्यायचो. हे आधी सांगून ठेवतो. माझं सगळं लक्ष तिच्या पोटाकडं होतं. बाकीचं आजूबाजूला घडत गेलं.

* * *

बबननं पहिल्याच दिवशी मालकाची चौकशी केली.

“आप चीन में किधर के?”

“कलकत्ता,” लामशेठ म्हणाले.

“कलकत्ता चीन में किधर?”

“कलकत्ता तो बंगाल में है, दादा. हम उधर ही पैदा हुआ. बाप भी उधर ही. फिर पूना में होटल की नौकरी. चीन हम कभी देखा नहीं.”

बबन आमच्याकडं वळला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “बघितलं का? सांगत न्हाई.”

मग जेवण आलं. फाट्यावर चायनीजच्या गाड्या पुष्कळ आहेत. तिथं भात लाल, कोंबडी लाल, खाणाऱ्याची बोटंही लाल. लामशेठकडं काहीच लाल नव्हतं. भात पांढरा, कोंबडी पांढरी, भाजी हिरवी होती ती हिरवीच राहिली होती.

बबननं ताट लांब सारलं. “ह्यात मसाला कुठं हाय?”

“न्हाई ते बरंच हाय की,” धोंडिबा म्हणाला. “मसाला घालून शिळं लपवत्यात लोक.”

“तेच म्हणतोय मी,” बबन म्हणाला. “ज्याला लपवायला काय न्हाई, असा हॉटेलवाला कुठं असतो का?”

* * *

लामशेठची एक रीत होती. गिऱ्हाईक बसलं की ते आधी कढत चहाची किटली आणायचे. बिनदुधाचा, पिवळसर चहा. त्यातला थोडा चहा वाट्यांत ओतून, आमच्यासमोरच वाट्या, पेले, चमचे विसळायचे आणि ते पाणी एका मोठ्या भांड्यात टाकून द्यायचे. मग ताजा चहा ओतायचे. त्यांच्याकडं पाहुण्याचा मान म्हणून असं करतात.

धोंडिबा हे सगळं डोळे बारीक करून बघत होता. लामशेठ आत गेल्यावर म्हणाला, “म्हंजी भांडी आतून धुऊन आल्याली नव्हती.”

“धुतली असतील,” मी म्हणालो. “पुन्हा धुतली.”

“धुतल्यालं कोण धुतं, सखाराम? ज्याला खात्री न्हाई तोच.”

ते त्याच्या डोक्यात बसलं. संध्याकाळी घरी जेवायला बसला, तर सुनेनं ताट वाढायच्या आधी त्यानं आपल्या कपातला चहा ताटात ओतला, गोल फिरवला आणि अंगणात फेकला. सून बघत राहिली. कशासाठी ते धोंडिबानं सांगितलं नाही. सुनेनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. धोंडिबाला तिला आणायला ओतूरला जावं लागलं. तिथं व्याह्यांनी ताट वाढलं आणि सगळं घर उंबऱ्यात उभं राहून बघत होतं, पाहुणा आता काय करतो.

* * *

एक दिवस मी काही न खाता बसलो होतो. लामशेठनं बबनला विचारलं, “दादा को क्या हुआ?” बबननं सांगितलं, घरवाली बीमार, कुछ खाती नहीं.

लामशेठ तसेच वळले. आत गेले. बऱ्याच वेळानं एक स्टीलचा डबा घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवला. आत तांदळाची पेज होती. शितं दिसू नयेत इतकी मऊ शिजलेली, वर आल्याच्या चार काड्या.

मी डबा उचलणार तेवढ्यात धोंडिबानं झाकणावर हात ठेवला.

“वळख ना पाळख. डबा कशापायी देतो?”

बबननं झाकण उघडून वास घेतला. “वासच येत न्हाई,” तो म्हणाला. “वास येत न्हाई ते लई वंगाळ.”

“आधी कुत्र्याला घाल,” धोंडिबा म्हणाला.

मी घरी गेलो. कुत्र्याला घालायचं मनाला पटेना. कुणीतरी आजारी माणसासाठी करून दिलेलं अन्न होतं ते. म्हणून मी स्वतःच चाखलं. मला काही झालं असतं तर तिला कोण बघणार, म्हणून थोडंच चाखलं. मग ओट्यावर बसून राहिलो. पोटात काही होतंय का ते बघत होतो. बऱ्याच वेळानं पोटात एकच गोष्ट झाली. भूक लागली.

मग मी तिला टेकून बसवलं आणि चमचा ओठाला लावला. तिनं घेतला. दुसराही घेतला. डोळे मिटलेले होते. तिसऱ्या चमच्याला म्हणाली, “कुणाच्या खाचरात बसवलीत मेंढरं?”

आम्ही तरणे होतो तेव्हा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचो. भात निघालेल्या खाचरात मेंढरं रात्रभर बसवायची. शेताला खत व्हायचं. बदल्यात शेतवाला तांदूळ द्यायचा, आणि सकाळी त्याची बायको गरम पेज आणून द्यायची. हौसाबाई तिथं जाऊन पोचली होती.

“हाय एकाच्या,” मी म्हणालो.

“चांगला मानूस दिसतोय,” ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

* * *

त्यानंतर रोज डबा येऊ लागला. बबनला ते सहन होईना. कुणी कुणाला रोज फुकट काही देतं, हे त्याच्या टेम्पोच्या धंद्यात बसत नव्हतं. तो लामशेठवर नजर ठेवू लागला.

आणि त्याला सापडलं. लामशेठ कामातून मोकळे झाले की आमच्या टेबलावर येऊन बसायचे. त्यांच्या पेल्यात कुणी चहा ओतला की ते दोन बोटं टेबलावर हळूच आपटायचे. टक टक. तोंडानं काही नाही.

“इशारा हाय,” बबन म्हणाला. “आत कुणाला तरी काहीतरी सांगतोय.”

“आत कोण हाय?” मी विचारलं. आत एक भांडी घासणारी बाई होती, पारगावची.

“तेच बघायचंय.”

बबननं लामशेठच्या पेल्यात चहा ओतला. टक टक. बबननं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही. लामशेठ चहा प्याले. बबननं पुन्हा ओतला. टक टक. दार तसंच. पुन्हा ओतला. लामशेठ गिऱ्हाइकाचा मान मोडणारे नव्हते. ते पीत राहिले. बबन ओतत राहिला. किटली संपली. बबननं दुसरी मागवली.

शेवटी लामशेठ पोटावर हात ठेवून उठले आणि घाईघाईनं मागच्या बाजूला गेले.

“बघा,” बबन म्हणाला. “आता सोता सांगायला गेला.”

पुढं कधीतरी लामशेठनंच उलगडून सांगितलं. चहा ओतणाऱ्याचे आभार मानायची त्यांच्याकडची ती रीत आहे. तोंडात घास असला तरी आभार मानता यावेत म्हणून बोटानं मानायचे.

बबननं ते ऐकून घेतलं. घरी जाताना मोटारसायकल चालवता चालवता मागं वळून म्हणाला, “मग तवा त्याच्या तोंडात घास कुठं व्हता?”

* * *

हौसाबाईच्या अंगात जरा जीव आला तसं ती विचारू लागली. डबा कुणाचा? मी सांगितलं. चिनी हॉटेलवाल्याचा, पण कलकत्त्याचा. तिनं डबा उलटापालटा करून बघितला.

“रिकामा परत देत व्हता?”

मी मान हलवली.

“आवो, लोकाचं भांडं रिकामं पाठवत्यात व्हय? काय म्हणंल तो?”

मग तिनं पडल्या जागेवरून हुकूम सोडला. डब्यात अंडी ठेवून पाठवली. दुसऱ्या दिवशी पेजेत अंडं होतं. तिनं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. पेजेत शिजलेले शेंगदाणे आले. तिनं तूप पाठवलं. त्याचं काय करावं ते लामशेठना कळलं नसावं, कारण त्या दिवशी पेज होती आणि सोबत तुपात केलेला पावाएवढा मोठा केक होता. लामशेठच्या आईनंही त्यांना तेच शिकवलं होतं, की भांडं रिकामं परत करायचं नसतं. आता दोन्हीकडून भरलेलाच डबा येत-जात होता. थांबायचं कुणी, हे ठरत नव्हतं. मध्ये मी हमाल.

हे फार वाढलं तसा हौसाबाईला संशय आला. उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “हा मानूस एवढं करतोय म्हंजी त्याच्या मनात काहीतरी हाय. त्याला सांगा, जमीन इकायची न्हाई.”

धोंडिबा आणि बबनचंही तेच मत पडलं. रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव वाढलेले. “वैनी बरोबर बोलत्यात,” बबन म्हणाला. “सरळ विचारून टाक.”

मला असं कुणाला विचारता येत नाही. शब्द जुळवेपर्यंत समोरचा निघून जातो. पण लामशेठ थांबले. मी बबनची हिंदी बाजूला ठेवून माझ्या हिंदीत विचारलं, “शेठ, आप को हमसे क्या होना?”

लामशेठ विचारात पडले. लाजल्यासारखे दिसले. मला वाटलं, आता जमिनीचं निघणार. धोंडिबानं माझा गुडघा दाबला.

“दादा, बुरा मत मानना,” लामशेठ म्हणाले. “डब्बा चाहिए. हमारे पास दो ही था. दोनों आपके घर में है.”

खरंच होतं. त्यात ठेवण्याजोगं काही सापडत नाही म्हणून हौसाबाईनं दोन्ही डबे अडवून ठेवले होते.

* * *

लामशेठकडं मासा जिवंत दाखवायची पद्धत होती. धरणातली चिलापी ते मोठ्या टाकीत ठेवायचे. गिऱ्हाइकानं मागितली की बादलीत घालून टेबलाजवळ आणायचे. हीच करू का? गिऱ्हाइकानं मान हलवली की आत न्यायची.

धोंडिबाला ही रीत पसंत पडली. जनावर बघून घ्यावं, हे त्याला पटणारं. पहिल्यांदा बादली आली तेव्हा त्यानं माशाचं तोंड उघडून दातसुद्धा बघितले. पण मासा शिजून आला तेव्हा तो चपापला.

“हा तो न्हाई.”

“कशावरून?” मी विचारलं.

“तो अंगानं भरल्याला व्हता. मोठा दाखवून बारका रांधलाय.”

पुढच्या खेपेला तो तयारीनं आला. मेंढरं एकमेकांत मिसळली तर ओळखता यावीत म्हणून आम्ही त्यांच्या कानाला कापून खूण करतो. प्रत्येक घराची खूण वेगळी. बादली आली. धोंडिबानं मासा डाव्या हातात धरला, कमरेची कातर काढली आणि त्याच्या शेपटीवर आपल्या घरची खूण केली. लामशेठना वाटलं, हीही काही इकडची पूजा असावी. त्यांनी बादलीला हात जोडले आणि मासा आत नेला.

मासा वाफवून आला. वर कांद्याची हिरवी पात, आलं, आणि पातळ काळसर रस. धोंडिबानं पात बाजूला केली. शेपटीवर खूण होती.

“झालं समाधान?” बबन म्हणाला. “खा आता.”

धोंडिबानं हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला.

“काय झालं रं?”

“खूण आपल्या घरची हाय,” धोंडिबा म्हणाला. “कळपातलं असल्यासारखं वाटतंय.”

मासा बबननं खाल्ला. धोंडिबा दुसरीकडं तोंड करून बसला होता.

* * *

मग एका सकाळी आम्ही गेलो तर हॉटेलचं शटर खाली. पाटी नाही, निरोप नाही. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, रात्रीच्या गाडीनं कलकत्त्याला गेले.

“पळाला,” बबन म्हणाला. एवढे दिवस वाट बघत होता त्याचं चीज झालं.

मला ते ऐकू आलं नाही. माझ्या हातात डबा होता, आत कोथिंबीर होती. हौसाबाई आता डबाभर पेज खायची, पण दुसरं काहीही तोंडात घ्यायची नाही. मी घरी येऊन स्वतः पेज रांधली. तिनं एक चमचा घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

“ही तुमी केलीया.”

“न्हाई.”

“हिला जनावराचा कळणा म्हणत्यात,” ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. संध्याकाळीही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माजघरात बसून होतो. पुन्हा जुन्नरला न्यावं की काय, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात धोंडिबा दारात आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं पातेलं. म्हणाला, “वैनीला दे. मी केलीया म्हणू नको.”

ती पेजच होती. शितं दिसत नव्हती. वर आल्याच्या काड्या, जरा जाड कापलेल्या.

“तुला कुठून येते ही करायला?”

धोंडिबा उंबऱ्यातच उभा राहिला. हॉटेलात तो रोज दोन-तीनदा उठून मागच्या बाजूला जायचा. बबन त्याला म्हणायचा, शुगर तपासून घे. धोंडिबा तपासायला जात नव्हता आणि लघवीलाही जात नव्हता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून, लामशेठ डब्यात काय टाकतात ते बघत होता.

“काय घातलं तर सापडंल म्हणून बघत व्हतो,” तो म्हणाला. “तांदूळ धुतो, त्याला जराशी तेल-मिठाची बोटं लावतो, ठिवून देतो. मग कोंबडीच्या हाडाच्या पाण्यात सोडतो आन् ढवळत ऱ्हातो. ढवळत ऱ्हातो म्हंजी लई वेळ. पाय दुखायचे माझे बघून बघून.”

मेंढरांच्या वाड्याजवळ तीन दगड मांडून त्यानं ती शिजवली होती. मी आत नेली. हौसाबाईनं चमचा तोंडात घेतला, थांबली, गिळला. पुन्हा तोंड उघडलं. पातेल्यातली निम्मी खाल्ली.

मग म्हणाली, “आज धूर लागलाय. त्याला म्हणावं, ध्यान कुठं हाय तुजं?”

धोंडिबा बाहेर ओट्यावर ऐकत होता. लामशेठ परत येईपर्यंत तो रोज पातेलं आणत राहिला आणि रोज लामशेठच्या नावानं बोलणी खात राहिला. लामशेठ आईबापाच्या कबरी साफ करायला गेले होते. त्यांच्याकडं वर्षातून एकदा जावंच लागतं.

बबननं एवढंच विचारलं, “परत कशाला आला असंल?”

* * *

लामशेठ आल्यावर हौसाबाई म्हणाली, “मला तो मानूस बघायचाय.”

मी म्हणालो, अजून अंगात ताकद नाही. ती म्हणाली, डोळ्यांनी बघायला ताकद लागत नाही. पुतण्याच्या रिक्षात तिला बसवलं. दवाखान्यातून आल्यावर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. लुगडं अंगावर सैल झालं होतं. धोंडिबा आणि बबन आधीच येऊन बसले होते, दोघंही टोप्या नीट करून.

लामशेठनं तिला खुर्ची दिली. तिनं खुर्चीचा पाय हलवून बघितला आणि मग बसली. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“लगीन झालंय का त्याचं?” तिनं बबनला विचारलं.

बबननं हिंदीत विचारलं. झालं होतं, बायको वारली.

“कशानं?”

तेही विचारलं. तापानंच. हौसाबाईनं पदर सावरला. मग उठली आणि कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली. लामशेठ मागोमाग. आम्ही तिघं बाहेर. आतून झाकणांचे आवाज आले. तांदूळ कुठला ते तिनं मराठीत विचारलं, त्यांनी हिंदीत सांगितलं. दोघांचं बरंच बोलणं झालं. कुणाला काय कळलं असेल ते देवाला माहीत.

ती बाहेर आली, पदरानं हात पुसत. “कोपऱ्यात जाळं हाय,” म्हणाली. “बाकी बरं हाय.”

मग लामशेठनं एकेक आणायला सुरुवात केली. सूप आलं. वाफवलेला मासा आला, त्याचं तोंड तिच्याकडं करून ठेवला. त्यांच्याकडं मोठ्या पाहुण्याकडं तोंड करतात. तिनं ताटली फिरवून ते बबनकडं केलं. पांढरी कोंबडी आली, तुकडे केलेली. हिरवी पालेभाजी आली. भात आला.

तिनं भातात सूप ओतलं. एक घास घेतला. चावला. माशाचा काटा काढला, तो घास घेतला. मग कोंबडीचा तुकडा उचलला.

आम्ही तिघांनी जेवायचं थांबवलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही. धोंडिबा पेल्यात बघत होता, बबन पंख्याकडं बघत होता. ती दातानं हाड साफ करत होती. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकत होतो.

तिनं हाड ताटात ठेवलं. दुसरा तुकडा घेतला.

तेवढ्यात लामशेठ पुन्हा बाहेर आले. हातात मोठा वाडगा, वाफा निघत असलेला. जाड शेवया, वर माशाचे मोठाले तुकडे, अंडं, शेंगदाणे, सगळं काठोकाठ. तो त्यांनी तिच्यापुढं नाही, माझ्यापुढं ठेवला. मी काही मागितलं नव्हतं.

“दादा का रोज वाला,” लामशेठ हसून म्हणाले.

बबननं त्याचं मराठी केलं नाही. करायची गरजही नव्हती.

हौसाबाईनं कळप सोडून जाणाऱ्या चुकार मेंढराकडं बघावं तसं त्या वाडग्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं, मग माझ्या पोटाकडं.

“आत्ता कळलं,” ती म्हणाली, “माझा डबा पातळ का असायचा.”

आणि तिनं तो वाडगा आपल्याकडं ओढला. तळाचा रस्सासुद्धा वाडगा तोंडाला लावून प्याली. मला एक घास विचारला नाही.